पाठाच्या बाई

शाळेत दोन प्रकारच्या बाई असतात. एक खऱ्या बाई आणि दुसऱ्या पाठाच्या बाई. खऱ्या बाईंच्या हातात हजेरीपट असतो, त्यांना मुलं घाबरतात आणि त्यांच्या टेबलावरचा खडू कुणी पळवत नाही. पाठाच्या बाई म्हणजे डीएड करणाऱ्या शिकाऊ मुली. त्यांच्या काखेत तक्त्यांची गुंडाळी असते, साडीला चार जास्तीच्या पिना असतात, आणि शेवटच्या दिवशी त्या खाऊ वाटतात. मुलं त्यांना घाबरत तर नाहीतच, उलट सांभाळून घेतात.

आज मी कांजूरमार्गच्या एका शाळेत खरी बाई आहे. माझा वर्ग मोठ्याने वाचू लागला की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मुलांना भाषा शिकवायची म्हणजे काय करायचं, हे मी शिकले जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या एका शाळेत, पाठाची बाई असताना. आणि जिच्याकडून शिकले त्या मुलीला मी दोन महिने एकही प्रश्न विचारला नव्हता. दिवाळी अंकात कर्तबगारी सांगायची पद्धत आहे. मी चुकीपासून सुरुवात करते, कर्तबगारी मागून येईलच.

डीएडला गेले तेव्हा मी तिशीला आले होते. लग्न झालेलं, मुलगा बालवाडीत. वर्गातल्या बाकीच्या मुली बारावी होऊन आलेल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला काकू म्हणायला सुरुवात केली. मी रागावले नाही, कारण डब्यातली भाजी संपली की काकूचाच डबा उघडायचा असं ठरून गेलं होतं आणि त्यात माझाही मान होता. घरी आमचं मालवणी. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. मी बाई होणार म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरा झाला. आता खुर्चीत बसान काम करशीत." खुर्चीत बसायला मिळत नाही हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

आता पाठ म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. शिकाऊ बाईने दुसऱ्याच्या वर्गात जाऊन एक तास शिकवायचं, त्याला पाठ म्हणतात. आदल्या दिवशी त्याचं टाचण लिहायचं: मी काय विचारणार, मुलं काय उत्तर देणार, मी फळ्यावर काय लिहिणार. हो, मुलं काय उत्तर देणार हेही आपणच आधी लिहायचं. वर्गाच्या शेवटच्या बाकावर आमच्या कॉलेजचे देसाई सर आमची निरीक्षणाची वही घेऊन बसत. आपण शिकवत असताना त्यांचं पेन हललं की मी पुढचं वाक्य विसरे, आणि हललं नाही की अख्खं टाचण.

पाठाच्या सुरुवातीला प्रस्तावनेचे प्रश्न असतात. ते असे रचायचे, की आज शिकवायच्या धड्याचं नाव मुलांच्याच तोंडून बाहेर पडावं. मग बाईंनी एकदम खूश होऊन म्हणायचं, "शाब्बास, आज आपण झाड हाच पाठ शिकणार आहोत." माझा पहिलाच पाठ झाडाचा होता. मी विचारलं, "सांगा बरं, उन्हात आपल्याला सावली कोण देतं?" एक मुलगा म्हणाला, "मेट्रोचा पूल." दुसरा प्रश्न होता, फळं कोण देतं. वर्ग एका सुरात म्हणाला, "गाडीवाला." झाडापर्यंत पोचायला मला सात मिनिटं लागली. देसाई सरांनी वहीत लिहिलं, "प्रस्तावना लांबली. बोलण्यात मालवणी हेल."

पण मुलं फार चांगली होती. वर्ग तिसरीचा. दरवर्षी आमच्यासारख्या चार-पाच जणी त्यांच्यावर हात साफ करून जात, त्यामुळे ती या धंद्यात माझ्यापेक्षा मुरलेली. मी कांजूरमार्गहून लिंक रोडच्या बसने ससा रंगवलेला तक्ता चुरगळू न देता, लेकरासारखा सांभाळून आणला होता. तो मला कॉलेजातल्या वरच्या वर्षाच्या एका मुलीने दिला होता. तक्ता उलगडल्याबरोबर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, हा ससा आमच्याकडे पहिलीत पण आला होता. तेव्हा त्याला शेपूट होतं."

ही मुलगी म्हणजे समिधा, वर्गाची मॉनिटर. दुसऱ्या दिवशी देसाई सर यायच्या आधी ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, उजवा-डावा करायचं ना?"

"म्हणजे काय गं?"

तिने मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. सर मागे बसलेले असताना बाईंनी प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाईंनी फक्त उजव्यांना विचारायचं. सरांना दिसतं की सगळ्या वर्गाला सगळं येतं. "मागच्या बाईंना ए ग्रेड मिळाली होती," समिधा म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं, करा." त्या दिवशी माझा वर्ग असा डोलत होता, की देसाई सरांनी मान वर करून पाहिलं. एक हात खाली नाही. वहीत शेरा आला, "विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम." मी ते पान बसमध्ये तीन वेळा वाचलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक नवीन मुलगी आली. रोशनी साळवे. जालन्याकडच्या खेड्यात आजीकडे राहून दुसरी केलेली. आई अंधेरीच्या एका हॉस्पिटलात साफसफाईच्या कामाला होती, आता खोली मिळाली म्हणून तिने मुलीला जवळ आणलं होतं. रोशनी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसे. वाढत्या अंगाचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. बोलायची नाही. तिची वही मी एकदा चाळली, तर अक्षरं ओळीवरून घसरलेली, काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. आणि मी कोणताही प्रश्न विचारला की ती न चुकता हात वर करी. डावा.

मनातल्या मनात मला तिचं कौतुकच वाटे. बिचारीला काही येत नाही, पण नेम किती पाळते. माझी नजर तिच्या हातावर जायची आणि पुढे सरकायची. असे माझे सात-आठ पाठ झाले असतील. वर्गशिक्षिका तांबेबाई त्या दिवसांत सर्वेक्षणाच्या ड्युटीवर असत, सकाळी हजेरी घेऊन जात त्या दुपारीच उगवत. त्यामुळे वर्ग बराचसा आमच्याच हातात होता.

अशाच एका सकाळी वर्गाच्या दारात एक बाई आली. खांद्याला पिशवी, अंगावर हॉस्पिटलचा निळा कोट, कामावर निघालेली. "तुमीच बाई ना?" तिने विचारलं.

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसाने नुसतं बाई म्हटलं होतं, मागेपुढे काही न लावता. मी म्हटलं, "हो, बोला."

"मी रोशनीची आई. एकच इचारायचंय, खरं सांगा. तिच्या डोक्यात काही शिरतं का नाही? घरी वही बघते तर नुसता गिरगाट. मला वाचता येत नाही, पण गिरगाट तर कळतो. मी सकाळी जाते ते रात्री येते. शिकत नसंल तर इथं एकटी कशाला ठेवू? गावाकडं आजी हाय, दोन घास सुखाचे तरी खाईल."

मी सरळ सांगायला हवं होतं, की ताई, मी पाठाची बाई आहे, मला विचारू नका, दुपारी तांबेबाई येतील त्यांना विचारा. त्याऐवजी मी चष्मा सारखा केला आणि देसाई सरांच्या आवाजात म्हटलं, "थोडी कच्चीच आहे. अजून वर्गात रुळलेली नाही. उत्तरं येत नाहीत."

तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि जिना उतरून गेली. माझ्या बोलण्यात त्या दिवशी मालवणी हेल अजिबात नव्हता, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

जानेवारीच्या शेवटी आमची पाठाची परीक्षा लागली. परीक्षेच्या पाठाला देसाई सरांबरोबर बाहेरचे परीक्षकही येतात. आमच्या वाट्याला एक वयस्क बाई आल्या, पांढरे केस, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. टेकडी चढून आल्या तरी धाप नाही. मी धडा घेतला होता पत्रवाचनाचा. पत्र मी स्वतः लिहिलेलं. मीना नावाची मुलगी मामाकडे राहायला गेली आहे आणि तिथून बाबांना लिहिते. मोठ्या अक्षरात तक्त्यावर काढलं होतं:

"प्रिय बाबा, मी इथे मजेत आहे. मामांच्या अंगणात पेरूचं झाड आहे. त्याला खूप पेरू लागले आहेत. मामी माझे लाड करतात. इथे एक मांजर पण आहे. तुम्ही वेळेवर जेवत जा. माझी आठवण काढू नका. तुमची मीना."

पत्रातून खुशाली कळवतात, हा माझ्या पाठाचा हेतू. टाचणात मी लिहिलेलं होतं: प्रश्न, मीनाने पत्र का लिहिले? अपेक्षित उत्तर, खुशाली कळवण्यासाठी.

पाठ झकास चालला होता. झाड, मांजर, मामी, सगळी उत्तरं उजव्या हातांकडून येत होती. मग मी तो मुख्य प्रश्न विचारला. पंचवीस-तीस हात वर. मी समिधाला विचारलं, तिने खुशालीचं सांगितलं. अजून दोघांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. मी फळ्यावर लिहायला वळणार, तेवढ्यात मागून परीक्षक बाईंचा आवाज आला.

"खिडकीजवळची ती दोन वेण्यांची मुलगी केव्हाची हात वर करून आहे. तिला विचारा की."

मी पाहिलं. रोशनी. डावा हात, अगदी ताठ, दुसऱ्या हाताने कोपरापाशी आधार दिलेला. समिधाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आता माझी वाट लागली. पण परीक्षकांनी सांगितलेलं टाळता येत नाही. मी म्हटलं, "सांग रोशनी, मीनाने पत्र का लिहिलं?"

ती उभी राहिली. आधी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तिला तिथं करमत न्हाई."

वर्गात कुणीतरी हसलं. मी घाईघाईने म्हटलं, "पण पत्रात तर लिहिलंय ना, मी मजेत आहे."

"ते असंच लिवलंय. खरं लिवलं तर बाबाला वाईट वाटंल. म्हणून पेरूचं लिवलं, मांजराचं लिवलं. मजेत आसती तर आठवण काढू नका कशाला म्हनली आसती?"

ती बसली. पत्र माझं, अक्षर माझं, मीना माझी. रात्री दीड तास बसून मी ते लिहिलं होतं आणि त्यात काय आहे हे मला आत्ता कळत होतं. मी तक्त्याकडे वळून पुन्हा वाचलं, अगदी पहिल्या ओळीपासून, जणू कुणा दुसऱ्याचंच पत्र आहे. टाचणात याचं काहीच उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे. मला हे दिसलंच नव्हतं." परीक्षेच्या पाठात शिकाऊ बाईने असं म्हणायचं नसतं.

मग पाठ माझ्या हातात राहिला नाही. उजवा-डावा विसरून मुलं बोलायला लागली. एकजण म्हणाला, मामी लाड करते तर मामीचं नाव एकाच ओळीत का? समिधा म्हणाली, तुम्ही जेवत जा म्हणते म्हणजे बाबा एकटे आहेत, आई नाही. मला सुचतही नव्हतं ते तिसरीची मुलं त्या सात ओळींतून काढत होती. घंटा झाली तेव्हा मूल्यमापन राहिलं होतं, स्वाध्याय राहिला होता, फळ्याची उजवी बाजू कोरी होती. तांत्रिकदृष्ट्या पाठ फसला. आणि मला आतून इतकं भरून आलं होतं, की मी खडू पेटीत ठेवायचा तो पर्समध्ये टाकला.

मधल्या सुट्टीत मी रोशनीला जिन्यापाशी गाठलं. "तुला उत्तर येत होतं तर डावा हात का वर केलास?"

"मी डावरीच हाय बाई."

"पण लिहितेस तर उजव्याने."

"गावच्या गुरुजींनी लावलं. डाव्यानं लिवलं की पट्टी बसायची."

म्हणजे ती घसरलेली अक्षरं. मी विचारलं, "आणि उजवा-डाव्याचा नेम? तुला कुणी सांगितला नाही?"

तिला काही माहीतच नव्हतं. तो नेम सांगितला गेला होता जुलैमध्ये, आणि ती आली होती दिवाळीनंतर. मी विचारलं, "मग इतके दिवस मी तुला विचारत नव्हते, तेव्हा तुला काय वाटायचं?"

ती सहजपणे म्हणाली, "मला वाटलं, नव्या पोरींना इचारत नसतील." मग वेणीचं टोक तोंडात धरून म्हणाली, "आता तर मी चाललेच. शनिवारी मामा येणार हाय न्यायला."

मला तेव्हा आठवलं, माझ्या कोणत्या वाक्यावरून तो मामा येणार होता.

पाठानंतर परीक्षक चर्चेला बोलावतात. परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "त्या मुलीला तुम्ही आधी का विचारलं नाहीत?" देसाई सर शेजारी बसलेले. खोटं बोलायला जागा होती, वेळ अपुरा पडला म्हणता आलं असतं. पण मला शनिवार दिसत होता. मी सगळं सांगून टाकलं, उजवा, डावा, जुलै, दिवाळी. देसाई सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. परीक्षक बाई म्हणाल्या, "आमच्या वेळी मूठ आणि पंजा होता. येत असेल तर पंजा, नसेल तर मूठ." आणि माझी टाचणवही ओढून त्यांनी शेरा लिहिला: "पत्र चांगले. प्रश्न ठीक. उत्तर फार चांगले, पण ते तुमचे नाही." ती वही माझ्याकडे अजून आहे. गुण जेमतेम पडले, आणि त्या गुणांबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला, मुलाला सासूबाईंकडे ठेवायला सांगितलं आणि टेकडीवरच रोशनीच्या खोलीबाहेर तिच्या आईची वाट बघत बसले. साळवेताई सातच्या सुमारास आल्या. मला पाहून त्यांना वाटलं पोरीला काही झालं. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. तुमची मुलगी कच्ची नाही. मी तिला कधी विचारलंच नव्हतं." आणि मी पत्राचं सांगितलं, सगळं, तिच्या शब्दांत.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. रोशनी आत स्टोव्हपाशी उभी राहून ऐकत होती. साळवेताई म्हणाल्या, "मग तवा तसं का बोललात? त्या दिवशी मी अख्खी पाळी फरशी पुसत रडले."

मी म्हटलं, "मला बाई म्हणालात ना, त्याची हवा डोक्यात गेली. मी अजून बाई नाही. शिकतेय."

मला वाटलं आता हाकलून देतील. पण त्या म्हणाल्या, "खरं बोललात ते बरं केलं. पण तुमी तर पंधरा दिवसांनी जानार. मग हिला कोण इचारनार? पुन्हा ती हात वर करून बसंल आन मी इथं फरशी पुसंन." त्या आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "मोठ्या बाईंनी सांगितलं तर बघू."

दुसऱ्या दिवशी मी तांबेबाईंना सगळं सांगितलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या, त्यांच्यापुढे बोलायची मला भीती वाटे. त्यांनी हजेरी पुरी केली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "उजवा-डावा मला माहीत आहे गं. कोण बाई होती ती, तिने सुरू केलं. मी डोळेझाक केली. म्हटलं, मुली येतात, चार दिवस शिकतात, जातात. मुलांचं कुठे काय बिघडतं." मग त्या खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाकडे बघत बसल्या. "बिघडतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी वर्गाला सांगितलं, "आजपासून कुणी हात वर करायचा नाही. हात खाली. मी ज्याला विचारेन त्याने बोलायचं. नाही आलं तर नाही येत म्हणायचं, कुणी मारणार नाही." समिधा फार हिरमुसली. मग तांबेबाईंनी रोशनीला टेबलापाशी बोलावलं, खडू तिच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाल्या, "लिही बाळा, तुझं नाव." रोशनीने आधी दाराकडे पाहिलं, गावचे गुरुजी येतात की काय म्हणून. मग लिहिलं. मोठं, तिरकं, पण ओळ न सोडता. तांबेबाईंनी ते दिवसभर पुसू दिलं नाही.

शुक्रवारी तांबेबाई सर्वेक्षणाच्या वह्या काखेत मारून त्याच टेकडीवर साळवेताईंकडे गेल्या. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. शनिवारी मामा आला, दुपारचं जेवला आणि एकटाच परत गेला. सोमवारी रोशनी तिसऱ्या बाकावर होती. मी प्रश्न विचारला, तिचा हात सवयीने वर जायला लागला आणि अर्ध्यावरून खाली आला. मी म्हटलं, "रोशनी, तू सांग." तिला येत नव्हतं. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "न्हाई येत बाई." मला वाटतं, त्या वर्गात त्याआधी निरीक्षणाच्या तासाला असं कुणी म्हटलं नसेल. देसाई सरांचं पेन हललं. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलंसुद्धा नाही.

आता माझ्याही वर्गात पाठाच्या बाई येतात. गुंडाळी घेऊन येतात, पिना लावून येतात, एकीने तर ससा आणला होता आणि मला तो ओळखीचा वाटला. मी मागच्या बाकावर बसते. माझ्या वर्गात हात वर करायची पद्धत नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्या गोंधळतात. "मॅडम, मग कळणार कसं कुणाला येतं ते?" विचारतात. मी म्हणते, विचारून. त्यांना वाटतं मी खवचट आहे. थोडी आहेच. पण माझ्या वर्गातली मुलं येत नाही असं सरळ सांगतात आणि मग उरलेल्या तासात ते यायला लागतं. हे मी केलेलं आहे, आणि आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल मला इतकं बरं वाटतं.

त्या शाळेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी मी खाऊ वाटला. लिमलेटच्या गोळ्या, समिधाने दोन घेतल्या. तांबेबाईंनी मुलांना सांगितलं होतं, पाठाच्या बाईंना पत्र लिहा. सगळ्यांनी लिहिलं, गठ्ठा बांधून दिला. मी तो बसमध्ये उघडला. बहुतेकांनी लिहिलं होतं, तुम्ही खूप छान शिकवता, खुशाली कळवावी. समिधाने लिहिलं होतं, पुढच्या बाईंना तुमचा ससा द्या. सगळ्यात खाली रोशनीचं होतं, डाव्या हाताने लिहिलेलं, तिरक्या अक्षरात, चार ओळींचं:

"प्रिय बाई, आमच्या वर्गातला पंखा नीट झाला. आता खूप वारा येतो. आईने मला पेन आणला. माझी आठवण काढू नका. तुमची रोशनी."

बस लिंक रोडला लागली होती. मी ते पत्र दोनदा वाचलं. असं पत्र वाचायला मला तिनेच शिकवलं होतं. पुढच्या सोमवारी कॉलेजला दांडी मारली आणि काखेत गुंडाळी नसताना, रिकाम्या हातांनी टेकडी चढून मी त्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.